अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील टेबलाखालचा पैसा : गुन्हा कोणाचा, नुकसान कोणाचे?

अमेरिकेच्या केंटकी राज्यातील लुईव्हिल विद्यापीठाने ऑगस्ट २०१७ च्या अखेरीस आदिदास या क्रीडासाहित्य कंपनीशी १० वर्षांसाठी १६ कोटी डॉलरचा करार जाहीर केला. विद्यापीठाच्या संघांनी या कंपनीचे बूट आणि गणवेश वापरावेत, हा त्या कराराचा गाभा होता. करार पूर्णतः वैध होता. त्यानंतर महिनाभरातच, २६ सप्टेंबर रोजी, न्यूयॉर्कमधील केंद्रीय अभियोक्त्यांनी महाविद्यालयीन बास्केटबॉलशी संबंधित १० जणांवर गुन्हे दाखल केल्याची घोषणा केली. त्यांत याच कंपनीचा एक वरिष्ठ अधिकारी होता. नुकत्याच शाळेतून बाहेर पडलेल्या एका गुणी खेळाडूने लुईव्हिल विद्यापीठाकडूनच खेळावे, यासाठी त्याच्या कुटुंबाला १ लाख डॉलर देण्याचा कट रचल्याचा आरोप त्याच्यावर होता.

विद्यापीठाला उघडपणे मिळणारी रक्कम खेळाडूच्या घरी गुपचूप पोहोचवायच्या रकमेच्या १,६०० पट होती. पैसा एकाच कंपनीचा आणि हेतूही बहुतांशी एकच, तरीही एक व्यवहार करार ठरला आणि दुसरा गुन्हा. हा भेद कोठून आला, तो कोणी टिकवला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे समजून घेतल्याखेरीज या प्रकरणाचा अर्थ उलगडत नाही.

विद्यापीठांचा खेळ, कोट्यवधींची उलाढाल

भारतात आंतरविद्यापीठ स्पर्धा बहुधा रिकाम्या प्रेक्षागारांसमोर होतात. त्यामुळे अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे आर्थिक स्वरूप भारतीय वाचकाला चटकन लक्षात येत नाही. तेथील मोठ्या विद्यापीठांचे बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉलचे संघ व्यावसायिक संघांच्या तोडीचे उत्पन्न मिळवतात. दरवर्षी मार्च महिन्यात रंगणाऱ्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपण हक्कांसाठी सीबीएस आणि टर्नर या वाहिनीसमूहांनी २०१० मध्ये १४ वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलर मोजले. २०१६ मध्ये आणखी ८८० कोटी डॉलर देऊन हा करार २०३२ पर्यंत वाढवण्यात आला.

या उत्पन्नातून विद्यापीठांची क्रीडा संकुले उभी राहतात आणि मुख्य प्रशिक्षकांना भरघोस मानधन मिळते. लुईव्हिलचे तत्कालीन मुख्य प्रशिक्षक रिक पिटिनो यांची वार्षिक कमाई ७० लाख डॉलरहून अधिक होती. खेळाडूला मात्र शिक्षणशुल्क, निवास, भोजन आणि पुस्तके यांपुरती शिष्यवृत्ती मिळे. २०१४ मध्ये कनेटिकट विद्यापीठाला विजेतेपद मिळवून देणारा शबाझ नेपिअर याने आपल्याला कधीकधी उपाशीपोटी झोपावे लागते, असे पत्रकारांना सांगितले, तेव्हा देशभर खळबळ उडाली. त्यानंतर काही दिवसांतच खेळाडूंच्या भोजनावरील मर्यादा उठवण्यात आल्या.

'हौशी' या शब्दाची किंमत

या व्यवस्थेचे नियमन नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजेच एनसीएए, ही संघटना करते. १९०६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था सरकारी नाही. सदस्य विद्यापीठांनी मिळून चालवलेली ती संघटना आहे. महाविद्यालयीन खेळाडू हा 'हौशी' खेळाडू असून खेळाबद्दल त्याने मोबदला घेता कामा नये, हे तिचे मूलभूत तत्त्व होते. ठरलेल्या शिष्यवृत्तीपलीकडे खेळाडूने वा त्याच्या कुटुंबीयांनी काही स्वीकारल्यास तो अपात्र ठरे.

'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्दप्रयोगही सहज रूढ झालेला नाही. मैदानावर जखमी झालेल्या किंवा मृत्यू पावलेल्या खेळाडूंच्या वतीने १९५० च्या दशकात कामगार नुकसानभरपाईचे दावे दाखल होऊ लागले. खेळाडू कर्मचारी ठरले, तर विद्यापीठांवर मोठे दायित्व येणार होते. ते टाळण्यासाठी संघटनेने हा शब्दप्रयोग नियमांत आणि व्यवहारात आग्रहपूर्वक रुजवला. १९५१ ते १९८७ या काळात संघटनेचे कार्यकारी प्रमुख असलेले वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर १९९५ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात हे मान्य केले आणि स्वतःच घडवलेल्या या व्यवस्थेवर खेळाडूंच्या शोषणाचा ठपका ठेवला.

त्यात २००५ मध्ये आणखी एका नियमाची भर पडली. व्यावसायिक एनबीए स्पर्धेतील निवडीसाठी खेळाडूचे वय किमान १९ असावे आणि शालेय शिक्षण संपून एक वर्ष उलटलेले असावे, असे एनबीए आणि तिच्या खेळाडूंच्या संघटनेने ठरवले. २००६ च्या निवडीपासून तो लागू झाला. परिणामी, व्यावसायिक स्पर्धेसाठी तयार असलेले अनेक असामान्य खेळाडू केवळ एका वर्षासाठी महाविद्यालयात येऊ लागले. या एका वर्षात त्यांची बाजारातील किंमत प्रचंड असे, परंतु ती उघडपणे घेण्याची त्यांना मनाई होती. जेथे मागणी मोठी आणि उघड व्यवहाराला बंदी, तेथे चोरटा बाजार निर्माण होतोच.

पैसा कोणत्या वाटेने फिरतो

अमेरिकेत शालेय वयातील उत्तम बास्केटबॉलपटू शाळेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, उन्हाळी क्लबांच्या संघांकडून घडतात. ॲमॅच्युअर ॲथलेटिक युनियन या संस्थेच्या नावावरून हे क्षेत्र 'एएयू' म्हणून ओळखले जाते. नायकी, आदिदास आणि अंडर आर्मर या कंपन्या असे अनेक संघ आणि त्यांच्या स्पर्धा प्रायोजित करतात. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आपल्या बुटांची ओळख घेऊन वाढला, त्याच कंपनीशी करार असलेल्या विद्यापीठात गेला आणि पुढे एनबीएमध्ये चमकला, तर त्याच्या जाहिरातीचा करारही आपल्याकडेच येईल, असा हा दूरचा हिशेब असतो. सॉनी व्हॅकारो यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात नायकीसाठी महाविद्यालयीन प्रशिक्षकांनाच मानधन देऊन संघाच्या पायांत कंपनीचे बूट घालण्याची पद्धत सुरू केली. पुढील व्यवस्थेची मुळे तेथे आहेत.

या साखळीत अनेक दुवे असतात. क्लबचा प्रशिक्षक मुलाच्या घरच्यांच्या विश्वासातला असतो. विद्यापीठाचा सहायक प्रशिक्षक खेळाडू मिळवून आणण्यासाठी गावोगाव फिरतो. खेळाडू आले नाहीत तर त्याची नोकरी धोक्यात येते. एनबीएमधील खेळाडूंचे करार करून देणारे प्रतिनिधी, गुंतवणूक सल्लागार, इतकेच नव्हे तर महागडे पोशाख शिवून देणारे शिंपीही भावी कोट्यधीश ग्राहकाच्या शोधात असतात.

यातून दोन प्रकारचे गुप्त व्यवहार घडतात. पहिल्या प्रकारात खेळाडूने विशिष्ट विद्यापीठ निवडावे म्हणून त्याच्या कुटुंबाला पैसे दिले जातात. दुसऱ्या प्रकारात पैसे सहायक प्रशिक्षकाला मिळतात. त्या बदल्यात त्याने आपल्या खेळाडूला ठरावीक प्रतिनिधीकडे वा सल्लागाराकडे वळवायचे असते. वरकरणी दोन्ही सारखेच भासले, तरी त्यांत मूलभूत अंतर आहे. पहिल्यात खेळाडूच्या कौशल्याचे मोल, नियम मोडून का होईना, त्याच्याच घरी जाते. दुसऱ्यात त्याने प्रशिक्षकावर टाकलेला विश्वास विकला जातो आणि अनेकदा त्याला त्याची गंधवार्ताही नसते.

जुनेच दुखणे

हे प्रकार २०१७ मध्ये प्रथमच उघडकीस आले, असे मुळीच नाही. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातील यूसीएलए विद्यापीठावर कारवाई झाली आणि खेळाडूंना मदत करणारे धनाढ्य समर्थक सॅम गिल्बर्ट यांच्याशी संबंध तोडण्याचा आदेश देण्यात आला. १९८८ मध्ये केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल विभागाकडून लॉस एंजेलिसमधील एका खेळाडूच्या वडिलांच्या नावे निघालेले पाकीट वाहतुकीदरम्यान उघडले गेले आणि त्यात १,००० डॉलरची रोकड आढळल्याचे वृत्त आले. संबंधित सहायक प्रशिक्षकाने आरोप नाकारला. तथापि, पुढील वर्षी झालेल्या व्यापक कारवाईत या विद्यापीठाला दोन वर्षे राष्ट्रीय स्पर्धेपासून दूर ठेवण्यात आले.

मिशिगन विद्यापीठाचे प्रकरण त्याहून मोठे होते. एड मार्टिन या समर्थकाने चार खेळाडूंना मिळून ६ लाख १६ हजार डॉलर दिल्याचे २००२ मध्ये न्यायालयात मान्य केले. विद्यापीठाने त्या काळातील अनेक विजय आपल्या अभिलेखातून रद्द केले आणि क्रीडागृहातील विजयध्वज उतरवले. प्रत्येक वेळी शिक्षा झाली, नियमांचे पुस्तक जाड होत गेले आणि बाजार मात्र सुरूच राहिला.

खाजगी नियमाचा भंग फौजदारी गुन्हा कसा ठरला

२०१७ ची कारवाई वेगळी ठरली, कारण तीत प्रथमच केंद्रीय तपास यंत्रणा एफबीआय पूर्ण ताकदीने उतरली. गुंतवणूकदारांच्या फसवणुकीच्या प्रकरणात अडकलेल्या मार्टी ब्लेझर या वित्तीय सल्लागाराने तपासाला सहकार्य देण्याचे मान्य केले. त्याच्या मदतीने यंत्रणेचे अधिकारी श्रीमंत गुंतवणूकदारांच्या वेशात या वर्तुळात शिरले. दूरध्वनी संभाषणे ध्वनिमुद्रित झाली आणि हॉटेलांतील भेटींचे गुप्त चित्रीकरण झाले. ऑबर्न विद्यापीठाचे चक पर्सन, ओक्लाहोमा स्टेटचे लमाँट इव्हान्स, ॲरिझोनाचे इमॅन्युएल रिचर्डसन आणि सदर्न कॅलिफोर्नियाचे टोनी ब्लँड या चार सहायक प्रशिक्षकांना लाचखोरीच्या आरोपाखाली अटक झाली.

सहायक प्रशिक्षकांविरुद्धचा खटला तुलनेने सरळ होता. केंद्रीय निधी घेणाऱ्या संस्थेच्या प्रतिनिधीने लाच घेणे हा अमेरिकी कायद्यानुसार गुन्हा आहे. चौघांनीही पुढे गुन्हा कबूल केला. खेळाडूंच्या कुटुंबांना दिलेल्या पैशांचा प्रश्न मात्र अवघड होता. एनसीएएचा नियम मोडणे हा स्वतः गुन्हा नाही. तो एका खाजगी संघटनेचा नियम आहे.

अभियोक्त्यांनी त्यावर तोडगा काढला. कुटुंबाने पैसे घेताच खेळाडू अपात्र ठरतो. ही गोष्ट विद्यापीठापासून लपवली जाते. अपात्र खेळाडूला पात्र समजून विद्यापीठ त्याला शिष्यवृत्ती देते. अर्थात, शिष्यवृत्तीची रक्कम फसवणुकीने मिळवली गेली आणि विद्यापीठ त्या फसवणुकीचे बळी ठरले, असा हा युक्तिवाद होता. आदिदासचे अधिकारी जेम्स गॅटो, कंपनीचे सल्लागार मर्ल कोड आणि प्रतिनिधी होऊ पाहणारा तरुण मध्यस्थ ख्रिश्चन डॉकिन्स यांच्या वकिलांनी पैसे दिल्याचे नाकारलेच नाही. आपले अशील विद्यापीठांना लुबाडत नव्हते, उलट त्यांना हवे असलेले खेळाडू मिळवून देत होते, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यूरीने ते स्वीकारले नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिघेही दोषी ठरले. जानेवारी २०२१ मध्ये अपील न्यायालयाने हा निकाल कायम ठेवला. मात्र खंडपीठातील एका न्यायाधीशांनी काही मुद्द्यांवर मतभेद नोंदवला.

या तपासाला एक उपरोधिक किनारही लाभली. लास व्हेगासमधील गुप्त कारवाईदरम्यान १३,५०० डॉलर सरकारी पैसा जुगारात उडवल्याचे एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने पुढे न्यायालयात कबूल केले.

शिक्षा कोणाला, झळ कोणाला

गॅटो यांना नऊ महिने, तर कोड आणि डॉकिन्स यांना प्रत्येकी सहा महिने तुरुंगवासाची शिक्षा झाली. दुसऱ्या खटल्यात कोड आणि डॉकिन्स यांच्या शिक्षेत भर पडली. सहायक प्रशिक्षकांपैकी इव्हान्स आणि रिचर्डसन यांना प्रत्येकी तीन महिन्यांचा तुरुंगवास, तर पर्सन आणि ब्लँड यांना परिवीक्षा आणि समाजसेवेची शिक्षा झाली. यांपैकी तिघांवर एनसीएएच्या व्यवस्थेने १० वर्षांचे निर्बंध लादले. चौघेही सहायक प्रशिक्षक कृष्णवर्णीय होते.

एकाही मुख्य प्रशिक्षकावर फौजदारी आरोप ठेवण्यात आला नाही. पिटिनो यांना लुईव्हिलने २०१७ मध्ये पदावरून दूर केले. या व्यवहाराची आपल्याला कल्पना नव्हती, असे ते सातत्याने सांगत आले. २०२२ मध्ये स्वतंत्र चौकशी मंडळाने त्यांच्यावर ठपका ठेवला नाही. त्यापूर्वीच ते पुन्हा महाविद्यालयीन प्रशिक्षक झाले होते. त्याच निर्णयात लुईव्हिल विद्यापीठाला दोन वर्षांची परिवीक्षा आणि ५,००० डॉलरचा दंड झाला. कॅन्सस विद्यापीठाविरुद्धची चौकशी सुरू असतानाच त्या संघाने एप्रिल २०२२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. २०२३ मध्ये आलेल्या निर्णयात त्याचे २०१८ च्या हंगामातील काही विजय रद्द झाले, परंतु त्यापुढे मोठी झळ बसली नाही.

झळ बसली ती ज्यांचा संबंधच नव्हता त्यांना. इव्हान्स यांच्या गैरवर्तनाबद्दल ओक्लाहोमा स्टेटच्या संघाला २०२२ च्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळू देण्यात आले नाही. इव्हान्स यांना नोकरीवरून काढून तोवर चार वर्षे उलटली होती आणि त्या संघातील खेळाडू या प्रकरणात कोठेही नव्हते.

ज्या खेळाडूच्या कुटुंबाला १ लाख डॉलर देण्याचे ठरले होते, त्याला या व्यवहाराची माहिती नव्हती, अशी साक्ष त्याच्या वडिलांनी न्यायालयात दिली. तो खेळाडू महाविद्यालयीन बास्केटबॉलचा एकही सामना खेळू शकला नाही. त्याला ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक संघाकडून खेळावे लागले. आपले नुकसान झाल्याचा त्याने आदिदासविरुद्ध दावा केला. महाविद्यालयात खेळण्याची पात्रता गमावणे हे संबंधित कायद्याच्या व्याख्येत 'व्यवसाय वा मालमत्तेचे' नुकसान ठरत नाही, असे सांगून अपील न्यायालयाने २०२३ मध्ये दावा फेटाळणारा निर्णय कायम ठेवला. म्हणजे त्याला दिलेली शिष्यवृत्ती ही विद्यापीठाची मालमत्ता मानली गेली आणि ती फसवणुकीने घेतल्याबद्दल माणसे तुरुंगात गेली. त्याची हुकलेली संधी मात्र मालमत्ता ठरली नाही.

शिक्षा झालेले लोक निर्दोष होते, असे नव्हे. सहायक प्रशिक्षकांनी आपल्या खेळाडूंचा विश्वासघात केला होता. तरीही चोर सोडून संन्याशाला फाशी या म्हणीची आठवण व्हावी, इतकी विषमता या निकालांच्या फलितात दिसते.

काल गुन्हा, आज करार

सप्टेंबर २०१७ नंतर एनसीएएने माजी परराष्ट्रमंत्री कोंडोलीझा राइस यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. एप्रिल २०१८ मध्ये सादर झालेल्या अहवालात एका वर्षाची सक्ती रद्द करावी, प्रतिनिधींशी संपर्काला काही प्रमाणात मुभा द्यावी आणि उन्हाळी स्पर्धांवर नियंत्रण आणावे, अशा शिफारशी होत्या. खेळाडूंना मोबदला देण्याची शिफारस मात्र नव्हती.

बदल आला तो राज्यांच्या कायद्यांमुळे आणि न्यायालयांमुळे. सप्टेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने खेळाडूंना आपले नाव, छायाचित्र आणि प्रतिमा यांच्या वापरातून कमाई करण्याचा हक्क देणारा कायदा संमत केला. २१ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाशी निगडित लाभांवर एनसीएएने घातलेल्या मर्यादा स्पर्धाविरोधी असल्याचा एकमुखी निर्णय दिला. न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हानॉ यांनी स्वतंत्र मतपत्रिकेत मोबदल्यावरील उर्वरित बंधनांच्या वैधतेविषयीही गंभीर शंका उपस्थित केली. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींतून कमाई करण्याची मुभा मिळाली. गॅटो आणि इतरांवरील निकाल अपिलात कायम झाल्याला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते.

पुढचे पाऊल ६ जून २०२५ रोजी पडले. न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनुसार माजी आणि विद्यमान खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई मिळणार आहे आणि विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातून थेट खेळाडूंना पैसे देता येतात. २०२५-२६ या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा ठरवण्यात आली. ज्या विद्यापीठांना न्यायालयाने खेळाडूला मिळालेल्या पैशाचे बळी मानले होते, तीच आता अधिकृत दाते झाली आहेत.

प्रश्न संपलेले नाहीत

टेबलाखालचा बराच पैसा आता टेबलावर आला, याचा अर्थ गैरव्यवहार थांबले असा नाही. ६०० डॉलरहून अधिक रकमेच्या बाह्य करारांची नोंद करून त्यांची छाननी करण्याची तरतूद नव्या व्यवस्थेत आहे. खऱ्या जाहिरातीचा मोबदला कोणता आणि संघात ओढण्यासाठी दिलेले आमिष कोणते, हे ठरवणे सोपे नाही. मर्यादा आली की ती ओलांडण्याच्या चोरवाटाही येतात. प्रशिक्षकाने लाच घेऊन खेळाडूला कोणाच्या दारी नेणे तर आजही गुन्हाच आहे. पैसा वाढल्याने त्याचा मोह वाढलाच असणार.

परदेशी खेळाडूंचा प्रश्न याहून निराळा आहे. भारतीय विद्यार्थ्यांसह बहुतेक परदेशी विद्यार्थी 'एफ-१' व्हिसावर अमेरिकेत शिकतात आणि त्यांच्या कमाईवर कडक निर्बंध असतात. सहकारी खेळाडू उघडपणे करार करत असताना त्यांना तशी मोकळीक नाही. चोरटा व्यवहार झालाच, तर अपात्रतेबरोबर व्हिसाही धोक्यात येऊ शकतो. अमेरिकेत शिष्यवृत्तीवर खेळू इच्छिणाऱ्या भारतीय तरुणांनी आणि त्यांच्या पालकांनी ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

या सर्व प्रकरणाचे सार एवढेच की, बंदीने पैसा कधीच नाहीसा झाला नव्हता. तो कोणाच्या हाती पडावा आणि पकडले गेल्यास कोणी तुरुंगात जावे, एवढेच तिने ठरवले. अनेक दशके नियमांनी विद्यापीठांचे हित जपले आणि त्याला खेळाचे पावित्र्य असे नाव दिले. नव्या व्यवस्थेची कसोटी रकमांच्या मर्यादेवर लागणार नाही. आपल्या नावावर कोण, कोणाला, किती पैसे देत आहे, हे त्या अठरा वर्षांच्या खेळाडूला स्वाक्षरी करण्यापूर्वी कळते की नाही, यावरच ती लागेल. २०१७ मध्ये ते एका मुलाला कळले नव्हते, आणि त्याची भरपाई त्याला अद्याप कोणत्याही न्यायालयाने दिलेली नाही.